सटवाजीच्या रानाचं पाणी

या बंधाऱ्याच्या पाटावर जेवढी रानं भिजतात, त्या सगळ्या शिवारात 'चोर' हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. मी आत्ता काढला, कारण तुम्हा पाहुण्यांना सांगायचं तर दुसरा इलाज नाही. आणि या वयात मला कोण काय बोलणार? आमच्याकडे वस्तू नाहीशी होते. पोरं खेळातसुद्धा 'पळणारा' म्हणतात. मागे एकाची पाण्याची मोटर गेली, तेव्हा हवालदार तक्रार लिहून घ्यायला बसला आणि शेवटी डोक्याला हात लावून उठला. हसू नका. यापायी एक माणूस मेला आहे.

फार मागे इथे सटवाजी नावाचा पाटकरी होता म्हणे. कोणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं, ते त्याच्या हातात. माणूस सरळ होता. पण त्याचं स्वतःचं रान पाटाच्या तोंडाशीच, पाट ज्या उंच बांधावरून जातो त्याच्या पायथ्याला. एका वर्षी नदी आटत आली. शेवटच्या रानांपर्यंत पाणी पोचेना, आणि सटवाजीचं रान पाळी नसतानाही ओलं. साधी ज्वारीच होती, पण हिरवीगार. लोकांच्या डोळ्यांवर यायला तेवढं पुरलं.

खरं सांगायचं तर ती ओल त्यालाही दिसत होती. पण ही पाण्यातल्या आसरांची कृपा आहे, बोललं तर जाईल, असं त्यानं मनाशी धरलं. गुपचूप जाऊन आसरांना नारळ फोडला. बायकोला, भागूलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. इथंच तो चुकला. मला अजून त्याचा राग येतो.

एका सकाळी लोक जमून आले. सगळं गाव बांधावर, सटवाजी खाली रानात. कोणीतरी पहिल्यांदा ओरडलं, आणि मग सगळ्यांच्या तोंडी तो एकच शब्द.

"म्या पाट फोडला न्हाई," सटवाजी म्हणाला. "पानी कुठनं येतंय ते मलाबी ठावं न्हाई. थांबा, आत्ता उकरून दावतो."

कुदळ घेऊन तो बांधाच्या पायथ्याशी उकरू लागला. वरचा आरडाओरडा काही थांबला नाही. बांध आतून खेकड्यांनी पोखरला होता, आणि पाटाचं पाणी त्या बिळांतून त्याच्या रानात उतरत होतं. पोकळ बांध आणि वर सगळ्या गावाचं ओझं. बांध खचला. वरच्यांनी उड्या टाकल्या, ते वाचले. सटवाजी मातीखाली गेला. त्याला बाहेर काढताना लोकांना बिळं दिसली, असं सांगतात.

काहीजण म्हणतात, त्यानं उकरलं म्हणून बांध गेला. माझा आजा म्हणायचा, गाव वर उभं होतं म्हणून गेला. मी आज्याच्या बाजूचा आहे.

मग लोक भागूच्या पाया पडायला गेले. तिनं पाय मागे घेतले. "माज्या पाया पडून काय व्हनार?" ती म्हणाली. "त्यो शबुद त्याच्या कानात गेलाय. तेवढा भाईर काढा."

ते कोणाला जमणार होतं? तेव्हा तिनं गावाला शपथ घातली की हा शब्द या शिवारात पुन्हा उठायचा नाही. गावानं बांध नव्यानं घातला आणि पहिली पाळी तिच्या रानाला द्यायची ठरवली. तिनं पाणी अडवलं नाही, पण मरेपर्यंत त्या रानात एक दाणा पेरला नाही.

आजही पाट सुटला की पहिलं पाणी सटवाजीच्या रानाला जातं. रान पडीक आहे, वारस कोणी नाही. ते काठोकाठ भरेपर्यंत दुसऱ्या कोणाला थेंब मिळत नाही, मग साल कितीही वाईट असो. माझं रान पाटाच्या अगदी शेवटाला. तिकडे माझी ज्वारी करपताना दिसत असते आणि इथे मी सगळ्यांबरोबर हात जोडून उभा असतो.