कोळ्यावरचा आळ

फार पूर्वी केरसुण्यासुद्धा बोलायच्या. माणसांना अक्कल मात्र तेव्हाही कमीच. एकदा गोजराबाईंच्या मानेवर फोड उठले. "कोळी मुतला!" म्हणत त्यांनी केरसुणी उचलली.

आढ्याचा कोळी वरूनच ओरडला, "केरसुणीमावशे, मी कशाला माणसांवर मुतू? दिव्यावर येणारा लाल-काळा किडा अंगावर चिरडला, की असे फोड येतात. तेच किडे तर मी खातो!"

"थोबाड बघ आपलं! आठ पाय, अंगभर केस. तूच तो," म्हणत मावशीनं त्याला झोडपून परसात हाकललं.

दिवे लागले आणि किड्यांनी घरात नुसता धुडगूस घातला.

सकाळी जास्वंदीवर नवं जाळं विणताना कोळ्याला आतून बाईंची बोंब ऐकू आली, "अगं बाई, आता दोन्ही गालांवर! मेला जाता जाता परत मुतून गेला!"