विहिरीवरचा पोकळ भोपळा

फार वर्षांमागे, एके सकाळी कोंबडीचं पिल्लू पायऱ्यांच्या विहिरीत पडलं. काठावर भरलेली कळशी होती आणि शेजारी वाळका भोपळा.

"कळशीबाई, माझं लेकरू बुडतंय, त्याला धरा हो," कोंबडी कळवळली.

"मी भरलेली, तळालाच जाईन," कळशी म्हणाली. "आणि हा पोकळ्या काय कामाचा? पोटात काही नाही याच्या."

भोपळा घरंगळला आणि पाण्यात पडून तरंगू लागला. पिल्लू धडपडत त्याच्या पाठीवर चढलं. वाऱ्याने दोघं पायरीला लागले.

"पोटात काही नाही, म्हणूनच माझं लेकरू वाचलं," कोंबडीने कळशीला ऐकवलं.

तेव्हापासून गावची पोरं पोहायला शिकताना पाठीला भोपळाच बांधतात. कुणाला रिकामा म्हणून हिणवत असतील, तिथे एवढं जरूर सांगा.