उजवी चवरी

"उजव्या हाताला कोण आहे, बाबा? नीट बघा… कोण आहे?"

सयाजी धुमाळाने चित्र सोमगिरी बाबांच्या पुढ्यात धरलं होतं. टेकडीवरच्या मठात दुपार टळत होती.

दीडशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबाने या मठाचा गादीसोहळा पाहिला, तांब्याच्या पत्र्यावर कोरला आणि कागदावर छापला. सयाजीने तो कागद पुण्याच्या जुन्या बाजारातून हुडकून आणला होता.

चित्रात नवे महंत गादीवर बसलेले. दोन बाजूंना चवऱ्या ढाळणारे दोघे, एक धुमाळांचा, एक खैऱ्यांचा. उजवी चवरी मानाची. ती थांबल्याशिवाय डावीने थांबायचं नाही, ही रीत.

"काखेत कुबडी हाय बघा. आमचे खापरपणजे, लंगडे राणोजी! महंतांच्या उजवीकडं!"

उजवी कुणाची, यावरून दोन्ही घरं हट्टाला पेटली आणि तीस वर्षं सोहळाच झाला नाही. गादी रिकामी. नेमलेले महंत असूनही बाबा तिच्या पायाशी घोंगडीवर निजायचे. गादीवर बसल्याशिवाय महंताला शिष्य करता येत नाही, त्यामुळे सोमगिरींमागे मठात दिवा लावायलाही कुणी नव्हतं. गावाने मान तेवढा जिवापाड जपला.

"आता बसा गादीवर," सयाजी म्हणाला. "पुरावाच आणलाय."

बाबा चित्राकडे बघत राहिले.

"महंत आशीर्वाद कुठल्या हाताने देताहेत?"

सयाजी वाकला.

"…डाव्या."

"देतं का कुणी?"

इतके दिवस सयाजीने राणोजींखेरीज काही पाहिलंच नव्हतं.

"घर सोडण्याआधी मी शिक्के कोरायचो," बाबा म्हणाले. "कोरलेलं छापताना उलटं उमटतं. म्हणून आधी उलटं कोरायचं. साहेबाने दिसलं तसंच कोरलं."

त्यांनी कागद पालथा केला आणि दारातल्या उन्हात धरला. पातळ कागदातून चित्र पाठीमागून दिसू लागलं. महंतांचा उजवा हात उचललेला. आणि कुबडी…

डावीकडे.

सयाजीने कुबडीवर बोट ठेवलं.

"केरू खरं बोलत हुता…"

केरू खैरे. लहानपणी दोघे एका ताटात जेवलेले. गेल्या माघात त्याने अंथरुणावरून निरोप धाडला होता, एकदा येऊन जा. सयाजीने उलट सांगून पाठवलं, आधी उजवी सोड. चौथ्या दिवशी केरू गेला. सयाजी खांदा द्यायलाही गेला नाही. केरूची पोरं मुलखाबाहेर, घराला कुलूप. गावात खैऱ्यांचं कुणी उरलं नाही.

"उजवी सोडली म्या, बाबा. त्याची त्याला दिली…" सयाजी म्हणाला. "पर आता सांगू कुणाला?"

बाबा उठले. खुंटीवरच्या दोन चवऱ्यांपैकी एक काढून त्यांनी झटकली. निम्मे केस गळून गेले होते. ती त्यांनी सयाजीच्या हातात दिली, त्याला रिकाम्या गादीच्या डाव्या बाजूला उभं केलं आणि स्वतः घोंगडीवर जाऊन बसले.

सयाजी चवरी ढाळू लागला. तो रडत होता आणि ते त्याने लपवलं नाही.

ऊन उंबऱ्याबाहेर गेलं. उजवी चवरी खुंटीवरच होती. हात भरून आला.

"बाबा… कुठवर?"

"उजवी थांबेपर्यंत."