चैतीमायची भट्टी

या, या, असे तलावाच्या पाळीवरून, या बांधावरून, खाली उतरा. जपून हं, इथं पायाखाली माती कमी आणि कीट जास्त. लोखंड काढून झालं की भट्टीतून जी काळी, भोकाभोकांची घाण उरते, तिला कीट म्हणतात. आमचा अख्खा कीटटोला त्या घाणीवरच वसलाय. पण नाक मुरडू नका. ती तलावाकाठची पडकी भट्टी दिसते ना, पोट फाटलेली? तिचं पोट कसं फाटलं ते ऐकलंत, तर घरी जायचं नाव घेणार नाही.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे पाळीवरचं ते म्हातारं मोहाचं झाड बोटाएवढं होतं तेव्हा, या काठावर चौदा भट्ट्या होत्या. डोंगरातून लोहदगड यायचा, जंगलातून कोळसा यायचा, आणि कीटटोल्याचा फाळ सात गावच्या नांगरांना लागायचा. सगळ्या भट्ट्यांचा मुखिया डोमाजी लोहार. माणूस देवभोळा, हाताचा पक्का आणि हट्टाचा त्याहून पक्का.

त्याचा मोठा हट्ट भात्याचा. भट्टीला वारा घालायला दोन भाते असत, लाकडी कुंड्यांवर कातडं ताणून केलेले. त्यांच्यावर माणूस उभा राही आणि जागच्या जागी चालावं तसा एकदा डावा, एकदा उजवा पाय दाबी. डोमाजी म्हणे, पाय सारखे तर वारा सारखा, आणि वारा सारखा तर लोखंड चांगलं. म्हणून भात्यावर चढणाऱ्याचे दोन्ही पाय तो आधी दोऱ्यानं मोजायचा. केसभर फरक निघाला की, उतर खाली!

आणि देवाची थट्टा बघा. त्याच्याच घरात सून आली ती चैती, जिचा डावा पाय उजव्याहून चार बोटं आखूड. तिला भात्याजवळ फिरकायचीसुद्धा बंदी. अकरा वर्षं ती भट्ट्यांमागं बसून लोहदगड फोडत राहिली. पण हात कामात असले तरी कान मोकळे होते. भात्यांचे आवाज ऐकून ऐकून कोणती आग पोटभर जेवली आणि कोणती उपाशी आहे, हे तिला न बघता कळायचं, असं म्हणतात.

एका वर्षी आश्विनात घात झाला. तलावातून शेतांना पाणी सोडायची जी जागा असते तिला आमच्याकडं तुडुम म्हणतात. त्या तुडुमाचं दार धरून ठेवणारा जुना अडसर मोडला आणि पाणी भसाभसा वाहून जायला लागलं. धान निसवायला आलेलं. सात गावांचं पोट त्या पाण्यावर, धिवरांची मासळी त्या पाण्यात. लाकडी अडसर घातला, पाण्यानं काडीसारखा मोडला. घरोघरचे फाळ गोळा करून, जोडून अडसर केला, तो जोडावरच तुटला. आता एकाच घाण्यात निघालेलं, बिनजोडाचं लोखंड हवं होतं, आणि एवढा मोठा गोळा देणारी भट्टी कुणी पाहिलीच नव्हती.

डोमाजी कसला हटतो! दोन दिवसांत त्यानं ही भट्टी उभी केली, दीड पुरुष उंच. दोरा काढून गावातले दोन उत्तम पाय निवडले आणि आग पेटवली. भाते घुमले, सगळं गाव जमलं, आणि दुपारी भट्टी उघडली तर आत नुसता अर्धाकच्चा दगड! पाळीच्या पायऱ्या एकेक करून पाण्याबाहेर येत होत्या. कोळसा आता फक्त आणखी एका घाण्यापुरता उरला होता.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना तोही पेटवला. पुन्हा तेच सारखे पाय, तोच सारखा वारा. आग वरवर हसली आणि आतून विझायला लागली. बाया रडू लागल्या. तेव्हा दगडांच्या ढिगामागून चैती उठली आणि भर गावादेखत सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामाजी, आगीले सारखा वारा नोको. भट्टी उंच हाये. तिले एक लांब श्वास पायजे, वरपर्यंत जानारा, अन् मंग एक आखूड, दम खाऊ देनारा."

"अन् असा वारा कोन घालन?" डोमाजी ओरडला.

"माह्या पायाले दुसरी चालच येत नाई."

डोमाजीचा हात सवयीनं दोऱ्याकडं गेला. चैती म्हणाली, "दोरा ठेवा बाजूले. तलावात पानी किती रायलं, थे मोजा."

अहाहा! अकरा वर्षं तोंडातून शब्द न काढलेली बाई, आणि बोलली ती अशी. डोमाजीनं तलावाकडं पाहिलं, चैतीच्या पायांकडं पाहिलं. त्याची परवानगी यायच्या आधीच ती भात्यावर चढली होती.

धूऽऽम-धप. धूऽऽम-धप. एक लांब, एक आखूड. पहिल्या पन्नास पावलांत धूर पांढरा झाला. पुढच्या पन्नासांत भट्टीच्या तोंडातून जीभ निघाली, आधी तांबडी, मग निळी. आणि मग भट्टी गायला लागली! खरं सांगतो, गायला लागली, तीन कोसांवरच्या गुराख्यांनी ऐकलं, असं म्हणतात. वारा पडलेला, तरी तलावावर लाटा उठल्या, आणि त्याही चैतीच्या पायांच्या तालावर, एक लांब, एक आखूड. मासे पाण्याबाहेर उड्या घेऊ लागले. लेकुरवाळ्या बाया उभ्या उभ्या डोलायला लागल्या आणि त्यांना ते कळलंही नाही. ज्यानं आधी भाते चालवले होते तोच धावत जाऊन कोळसा ओतू लागला. सूर्य मावळला, पुन्हा उगवला, चैती काही थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "जेवली आता. पोट भरलं तिचं."

भट्टी उघडायला गेले तर गोळा दारातून मावेना. रेडकाएवढा मोठा, पांढराफटक तापलेला! शेवटी डोमाजीनं स्वतः कुऱ्हाड घेऊन भट्टीचं पोट फोडलं. ते हे, बघा, हात लावून बघा. सोळा घणांनी तो गोळा ठोकला आणि त्याचा एक लांब, बिनजोडाचा अडसर केला. धिवरांनी श्वास कोंडून बुडी मारली, दार बसवलं, अडसर सरकवला. आणि पाणी थांबलं.

पाटलानं डोली मागवली. "चैतीमायले खांद्यावर नेऊ." कालची लंगडी आज माय झाली, बघा, आमच्या लोकांची जीभ कशी वळते! पण चैती म्हणाली, "मी चालत जाईन. मले चालता येते."

आणि ती पाळीवरून घराकडं निघाली, धूऽऽम-धप, धूऽऽम-धप. मागून सगळी माणसं. थोडं अंतर गेल्यावर तिला पाठीमागून आपल्याच पावलांचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. मागं डोमाजी होता, आणि तो डावा गुडघा वाकवून, लंगडत चालला होता. चैतीचा चेहरा पडला. तिला वाटलं, एवढं करूनही हा माणूस मला वेडावतोय. मग तिला त्याच्या गालांवरचं पाणी दिसलं.

"चाल शिकतो, बाई," डोमाजी म्हणाला. "मले कोनी शिकवली नाई."

चैती हसली. अकरा वर्षांत ती कीटटोल्यात पहिल्यांदा हसली, असं म्हणतात. तिच्या सासऱ्यामागं पाटील लंगडला, पाटलामागं धिवर लंगडले, आणि बघता बघता सगळी पाळ एकाच चालीनं हलायला लागली. सरळ चालायची कुणाची हिंमतच झाली नाही.

तेव्हापासून दरवर्षी आश्विनात, धान निसवलं की, सात गावची माणसं या भट्टीपासून तुडुमापर्यंत लंगडत जातात. नवी नवरी जाते, पहिलवान जातात, मोटारीतून आलेले साहेबसुद्धा बूट काढून जातात. ज्याचा पाय खरोखर आखूड, तो सगळ्यांच्या पुढं. गेल्या वर्षी पुढं होती धिवरांची सहा वर्षांची पोर, मंजुळा. गावभर पाय लपवत बसणारी ही पोर, पण त्या दिवशी अशी ऐटीत चालली आणि मागं वळून अशी ओरडली, की मी म्हातारा माणूस भर पाळीवर रडलो. काय ओरडली सांगू?

"नीट लंगडा रे! कोनालेच येत नाई!"