तिसऱ्या दरीच्या कोठाराचा तपास

मुलांनो, सात दऱ्यांच्या एका मोठ्या जंगलात एक सुतारपक्षी राहत असे. झाड दिसले की त्यावर चोच आपटायची आणि मान वाकडी करून आवाज ऐकायचा, ही त्याची सवय. झाड आतून भरीव आहे की पोकळ, ओले आहे की किडलेले, हे त्याला आवाजावरून कळे. पण एवढ्यावर त्याचे समाधान होत नसे. पोकळ असेल तर का पोकळ, हेही त्याला जाणून घ्यायचे असे.

त्या जंगलात एक चांगली रीत होती. चैत्रात मोहाची फुले गळू लागली की सगळे प्राणी ती वेचून वाळवत आणि प्रत्येक दरीतल्या एका पोकळ झाडात भरून ठेवत. पुढच्या माघात जंगल कोरडे पडले की झाड उघडायचे आणि सर्वांनी वाटून खायचे. या सातही कोठारांची राखण आणि वाटप एका म्हाताऱ्या अस्वलाकडे होते. अस्वलावर नजर ठेवायला सातही दऱ्या मिळून एक तपासनीस निवडत. तपासनिसाला एक फूलही वाटता येत नसे. त्याने फक्त पाहायचे, विचारायचे आणि जे दिसेल ते सर्वांना सांगायचे.

जुना तपासनीस कासव थकला, म्हणून त्या वर्षी निवडणूक लागली. एका बाजूला मोर उभा राहिला, दुसऱ्या बाजूला सुतारपक्षी.

मोराचा प्रचार पाहण्यासारखा होता. तो प्रत्येक दरीत जाई, पिसारा फुलवी आणि म्हणे, "मला निवडा, प्रत्येकाला दुप्पट वाटा देईन!" प्राणी आनंदाने माना डोलवत. सुतारपक्षी मात्र ज्या दरीत जाई तिथे विचारत सुटे, "मागच्या माघात तुमच्या झाडातून किती फुलं निघाली? त्याआधी किती भरली होती? झाड कोणी उघडलं?"

"अरे, तू काय देणार ते सांग ना," ससे वैतागून म्हणाले. "आम्हालाच काय परीक्षेला बसवतोस!"

"तपासनिसाला काही देता येत नाही," सुतारपक्षी म्हणाला.

"मग उभा कशाला राहिलास?" ससे हसत सुटले.

असे करत करत तो तिसऱ्या दरीत आला. तिथे एक सायाळ एकटीच राहत होती. मागच्या माघात तिसऱ्या दरीचे झाड उघडले, तेव्हा कोठार अर्ध्यातच संपले होते. वाटा पुरला नाही. तिचा जोडीदार कंद शोधायला डोंगरापलीकडे गेला आणि परत आला नाही. त्याबद्दल ती कोणाशी फारसे बोलत नसे. बिळाच्या तोंडाशी दोघांनी बसायची जागा होती, तिथे ती अजूनही एका कडेलाच बसे.

"तुम्हालाही तेच विचारायचंय, सायाळबाई," सुतारपक्षी म्हणाला. "किती भरलं होतं आणि किती निघालं?"

"गळ्यापर्यंत भरलं होतं. अर्धं निघालं."

"मग उरलेलं अर्धं?"

सायाळीने त्याच्याकडे रोखून पाहिले. "सगळे म्हणतात, अस्वलानं खाल्लं. मोहाची फुलं आणि अस्वल, दुसरं कोण खाणार! मोरराव म्हणाले, झालं गेलं विसरा, यंदा दुप्पट देतो. मला दुप्पट नको. ती फुलं कुठं गेली, एवढंच मला कळायला हवं. दोन दिवसांनी मी मत देणार आहे. त्याआधी कोणी सांगेल का?"

"मला माहीत नाही," सुतारपक्षी म्हणाला. "पण पाहून सांगतो."

कोठाराचे झाड म्हणजे एक जुना बेहडा होता. सुतारपक्षी शेंड्याजवळच्या तोंडातून आत डोकावला. निम्म्या खोलीवर काळा, सपाट तळ दिसत होता. म्हणजे पोकळी तेवढीच, असे कोणालाही वाटले असते. तो बाहेर आला आणि बुंध्यावर ठोकत खाली उतरू लागला. वर पोकळ आवाज आला. तळाच्या खाली भरीव लाकडाचा खणखणीत आवाज यायला हवा होता. तिथे आला 'भद्द'.

"हे लाकूड नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "मग काय आहे?"

त्याने बुंध्यावरचा वेल बाजूला सारला. वेलामागे एक गोल भोक होते. त्यात चोच घातली, तर आंबूस वासाचा काळा चिखल बाहेर आला. पावसाळाभर त्या भोकातून पाणी आत झिरपले होते आणि खालची निम्मी फुले कुजून गेली होती. कुजलेल्या थराचा वरचा भाग वाळून घट्ट झाला होता. वरून पाहणाऱ्यांना तोच झाडाचा तळ वाटला. एक फूलही कोणी खाल्ले नव्हते.

सुतारपक्षी आनंदाने पंख फडफडवणार, एवढ्यात त्याचे लक्ष पुन्हा भोकाकडे गेले. ते काठाला नीट तासलेले होते. दोन वर्षांपूर्वी त्यानेच तिथे घरटे कोरायला घेतले होते. आत पोकळी लागली, घरट्याला जागा बरी नाही, म्हणून ते तसेच टाकून तो उडून गेला होता. पुढच्या चैत्रात अस्वलाने तेच झाड कोठारासाठी निवडले, तोवर भोकावर वेल चढला होता.

खाली त्याचा मित्र वानर उभा होता. सुतारपक्ष्याने त्याला सगळे सांगितले, तसा तो चटकन फांदीवर चढून आला.

"ऐक," वानर हळूच म्हणाला. "भोक चिखलानं लिंप आणि गप्प बस. अस्वलानं खाल्लं असं सगळे मानतातच. तूही तेच म्हण, निवडून येशील."

"पण अस्वलानं खाल्लं नाही."

"शहाणा आहेस! हे सांगितलंस तर पडशील."

"पडेन बहुतेक," सुतारपक्षी म्हणाला.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातही दऱ्यांचे प्राणी नदीच्या वाळूत जमले. दोन खळगे केले होते, एक मोराचा आणि एक सुतारपक्ष्याचा. प्रत्येकाने एक खडा टाकायचा होता. त्याआधी सुतारपक्षी दगडावर बसला आणि भोक, पाऊस, कुजलेली फुले, सगळे त्याने सांगितले. शेवटी म्हणाला, "ते भोक माझंच आहे. चूक माझी. अस्वलाची नाही."

एकच गलका झाला.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" कोणीतरी ओरडले.

"आणि याला तपासनीस व्हायचंय!" मोराने मान उंचावली. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

अस्वल एका बाजूला बसले होते. राखणदार म्हणून त्याला मत नव्हते. ते एवढेच म्हणाले, "माघापासून पोरं मला पाहून 'मोहखाऊ' म्हणत पळायची. आता म्हणणार नाहीत." आणि त्याने तोंड फिरवले.

मतदान सुरू झाले. सहा दऱ्यांचे खडे पडले, मोजले गेले. मोर अकरा खड्यांनी पुढे होता. उरली तिसरी दरी. तिथले प्राणी जागचे हलेनात. सगळ्यांचे डोळे सायाळीकडे लागले होते.

सायाळ पुढे आली. आधी ती मोरासमोर थांबली.

"मोरराव, तुम्ही आमच्या कोठाराच्या झाडाजवळ आला होतात ना?"

"आलो होतो की! त्याच झाडाखाली नाचलो."

"आत काय आहे ते पाहिलंत?"

"मी कशाला पाहू, बाई? सगळे मला पाहायला येतात!" मोर हसला. त्याच्यामागचे काही प्राणीही हसले.

सायाळ सुतारपक्ष्याकडे वळली. तिचे काटे ताठ उभे होते.

"तू गप्प बसला असतास, तर मला कधी कळलं असतं?"

"नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"तुम्ही विचारलं होतं," सुतारपक्षी म्हणाला.

सायाळ शांतपणे म्हणाली, "मी तुला क्षमा केली, असं समजू नकोस."

"नाही समजत."

"पण मला काय झालं ते कळलं. ते तुझ्यामुळेच." तिने तोंडातला खडा त्याच्या खळग्यात टाकला आणि मागे न पाहता निघून गेली.

तिच्यामागून तिसरी दरी पुढे आली. काहींनी खडे मोराकडे टाकले, पण पुष्कळांनी सुतारपक्ष्याकडे. शेवटची मोजणी झाली, तेव्हा तो चार खड्यांनी निवडून आला होता.

वानर टाळ्या पिटत म्हणाला, "चल, मिरवणूक काढू! अरे, उडतोस कुठं?"

"पाचव्या दरीत," सुतारपक्षी पंख उघडत म्हणाला. "मोहाची फुलं गळायला आठ दिवस उरलेत. तिथंही एक घरटं मी अर्धवट सोडलं होतं. त्या झाडाचं पुढं काय झालं, ते पाहायला हवं."

तात्पर्य : दुसऱ्याचे कोठार तपासण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, जो स्वतःच्या चुकीचाही तपास करतो आणि ती सर्वांसमोर सांगतो.