येसबा पोरीला खेळ दाखवतो

एका गावात येसबा नावाचा एक भोळा हमाल होता. अंगात बळ दोन बैलांचं, डोकं मात्र देवानं गडबडीत बसवलेलं. असं गाव म्हणत नसे, येसबाच म्हणायचा. त्याला नाद एकच, खेळ बघायचा. आणि जीव चार वर्षांच्या बकुळावर. कुठंही खेळ असला की लेक बरोबर हवीच.

पहिल्यांदा तो तिला क्रिकेटच्या सामन्याला घेऊन निघाला. बायको हौसा म्हणाली, "ऊन लई हाय. पोरीला सावलीत बसवा."

मैदानात झाड नव्हतं. सावली एकच, मधोमध उभ्या असलेल्या पंचाची. येसबानं बकुळाला नेऊन तिथं बसवलं. पंच सरकला की येसबा धावत जायचा आणि पोरगी सरकवायचा. शेवटी खेळाडूंनी दोघांना बाहेर काढलं. बकुळा घरापर्यंत "भूक, भूक, भूक" करत आली.

"आवं, लेकरू एकच एक घोकाय लागलं, की तोंडात लाडू घालावा!" हौसा ओरडली.

"खरंच की. एवढं साधं मला कळू नये? खुळाच मी," येसबा म्हणाला. "आता तसंच करतो."

पुढच्या वेळी कबड्डी होती. बकुळा शहाण्यासारखी बसून राहिली. पण गावाच्या संघातला एक गडी समोरच्यांच्या अंगणात शिरला आणि "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" घोकायला लागला. येसबाला गलबलून आलं. किती भुकेजला असेल बिचारा! तो धावत आत गेला आणि शेंगदाण्याचा अख्खा लाडू त्याच्या तोंडात कोंबला. गड्याचा दम तुटला, गडी बाद झाला, गाव हरलं. मग सगळं गाव येसबाच्या मागं लागलं. बकुळानं भोकाड पसरलं. तिचा हात धरून येसबा मैदानाभोवती पळत राहिला. घरी जायचं त्याला सुचलंच नाही.

हौसानं कपाळाला हात लावला. "आता नीट ऐका. रडंल त्याला खांद्यावर घ्यायचं आन् थेट घरी आणायचं. वाटेत कुणाचं ऐकायचं न्हाई. या खेपेला चुकलात, तर पोर तुमच्यासंगं पुन्हा पाठवायची न्हाई!"

लेकीशिवाय खेळ बघण्यात काय राम? हौसाचं सांगणं येसबानं शब्दन् शब्द तोंडपाठ केलं. आपल्या डोक्यावर त्याचा बिलकूल भरवसा नव्हता.

मग आली यात्रा, आणि यात्रेत कुस्त्यांचा फड. हौसाचा भाऊ बापू पैलवान लढणार होता. मामाची कुस्ती बघायची म्हणून बकुळा सकाळपासून नाचत होती.

येसबानं कुस्ती पाहिलीच नाही. तो नुसता बकुळाचे डोळे बघत बसला. डोळे कोरडे. बापूनं समोरच्या धिप्पाड पैलवानाला चीतपट केलं, तरी कोरडेच. बकुळा टाळ्या पिटत धावली आणि मामाच्या गळ्यात पडली. येसबाला हायसं वाटलं.

इतक्यात हरलेला पैलवान लाल मातीत बसून हमसून हमसून रडायला लागला.

येसबा उठला. त्यानं पैलवानाला गुळाच्या ढेपेसारखं उचललं आणि खांद्यावर घेतलं. आता, फडात खांद्यावर घेतात ते जिंकलेल्याला. हलगी कडाडली. कुणी गुलाल उधळला, कुणी पैलवानाच्या डोक्यावर फेटा ठेवला. बापू बघतच राहिला.

"अरं, मी हरलोय! खाली सोड मला!" पैलवान ओरडला.

"वाटेत कुणाचं ऐकायचं न्हाई," म्हणत येसबा चालू लागला. मागं हलगी, हलगीमागं निम्मी यात्रा.

हौसा दारातच उभी होती. येसबानं पैलवानाला अलगद ओट्यावर ठेवलं, त्याचं नाक पुसलं आणि घाम निपटत म्हणाला, "बघ हौसे, खुळा असलो तरी या खेपेला चुकलो न्हाई. रडलं, की थेट घरी!"

"आन् बकुळा?"

"तिला कशाला आणू?" येसबा म्हणाला. "ती कुठं रडत हुती?"