दुखवट्यातली चढाई

"बाबाजी, तुम्ही टाळ्या वाजवताय?"

श्रीरंगनं न राहवून विचारलं. मठाच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गुरूंनी मानसुद्धा वळवली नाही. समोरच्या मैदानात गावातल्या पोरींची कबड्डी रंगली होती.

"वाजवतोय तर! काय पकड केली, पाहिलीस?"

"उत्तरेत भूकंपात हजारो माणसं गाडली गेली. अजून ढिगारे उपसताहेत. सगळा देश दुखवट्यात आहे. या गावातला रोशनसुद्धा तिकडे कामाला गेला होता, तो परत आला नाही. आणि इथे शिट्ट्या... आरडाओरडा..."

"हं."

"बातमी आली त्या दिवसापासून मी एकवेळच जेवतो. एकदाही हसलो नाही."

"माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

श्रीरंगचे कान लाल झाले. शहरातलं शिक्षण सोडून तो नुकताच मठात आला होता. आपला वैराग्याचा अभ्यास बाकीच्यांपेक्षा पुढे गेलाय, असं त्याला मनातून वाटायचं.

"मी हा खेळ थांबवतो."

"थांबव."

तो तरातरा मैदानात शिरला आणि मध्यरेषेवर हात वर करून उभा राहिला. गलका विरला. चढाईला निघालेली एक सडपातळ पोरगी त्याच्यापुढे येऊन थबकली. गुडघा फुटलेला, गालाला माती.

"महाराज, माही चढाई हाय. जाऊ द्या नं."

"लाज नाही वाटत? गावातला मुलगा गेला..."

"माहा भाऊ होता तो."



पोरीनं हनुवटीनं कडुलिंबाकडे दाखवलं. खाली बायांच्या घोळक्यात एक बाई बसली होती.

"ते माही माय. रोशन गेला तवापासून बोललीच नाही. रडलीबी नाही. भित्तीकडे तोंड करून पडून राहे. आज हाताले धरून आणलं मी तिले. मघाशी मी धरल्या गेली, तं वरडली..."

"काय?"

"'पाय झटक व, पल्लवे!'"

पोरगी हसली. हसता हसता तिनं बाहीनं डोळे पुसले.

श्रीरंगचा हात खाली आला. तो मुकाट्यानं कडेला गेला.

पल्लवीनं दम भरला. कबड्डी-कबड्डी करत ती आत घुसली, एकीला शिवली, वळली... आणि चौघींनी मिळून तिचे पाय धरले.

कडुलिंबाखालची बाई ताडकन उठली. "झटक! झटक व माय!"

"झटक!" बाया ओरडल्या.

"झटक!" आणखी कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं. तो आवाज आपलाच आहे, हे श्रीरंगला जरा उशिरा कळलं.

चौघींना फरफटत नेत पल्लवीनं बोटांची टोकं रेषेला टेकवली.

मैदान उसळलं. तिची आई शेजारणीच्या पाठीत गुद्दे मारत होती, हसत होती, आणि इतक्या दिवसांनी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

श्रीरंग धावत ओट्यापाशी आला. धापा टाकत गुरूंच्या पुढ्यात उभा राहिला.

"बाबाजी... मग शोक करायचा तरी कधी? आणि आनंद?"

बाबाजींनी त्याच्या डाव्या बाजूनं वाकून पाहिलं. मग उजव्या बाजूनं.

"सरक रे," ते म्हणाले. "दिसत नाही."